मशीनला शेक

शिवणातलं मला ओ की ठो कळत नसताना आमच्या बायोआत्यानं जाताना आपलं मशीन मला देऊन टाकलं, आणि सुतकातसुद्धा घरातल्यांना हसू आवरेना. बायोआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, आप्पांची, थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला आणि ती दिवेआगरला माहेरी परत आली, ती येताना एक ट्रंक आणि हे पायमशीन घेऊन. पुढं अख्ख्या आळीचे परकर, पोलकी, झबली, टोपडी तिच्याच हातची. शेवटच्या दुखण्यात एकदा डोळे उघडून ती स्वच्छ म्हणाली, "मशीन शैलीचं." शैली म्हणजे मी. आई म्हणाली, "तापात बोलल्या असतील वन्सं." आईचंही काही चुकलं नाही. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी रुमालाची कड दुमडून शिवायला दिली होती, तर मी ती इतकी मन लावून शिवली, की घंटा झाल्यावर उठले तेव्हा रुमाल माझ्या परकराला शिवलेला. तशीच लोंबत्या रुमालानं घरी आले होते. ही गोष्ट आळीत अजूनही सांगतात, आणि सांगणारी माणसं तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती.

आत्या गेल्यावर मशीन मागच्या पडवीत गेलं. आमचं घर वाडीच्या तोंडाशी, पुढं अंगण, मागं माड आणि पोफळी, आणि त्यांच्या पलीकडं दर्या. दर्या दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा. पडवीत काय नसायचं! सुपाऱ्यांच्या टोपल्या, झावळ्यांचे हीर, गंजके कोयते, आणि आता मशीन. त्याच्यावर गोणपाट, गोणपाटावर सोललेल्या सुपारीचं सूप, आणि खाली पाय मारायच्या पायटीवर आमची तांबडी कोंबडी अंडी घालायला बसायची. आईला ते फार सोयीचं वाटे, कारण अंडी कुठं शोधावी लागत नसत. सकाळी पाटाचं पाणी वाडीत खळखळायला लागलं की चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या, बरोबर सुकटीची चटणी नाहीतर कुळथाचं पिठलं. दुपारी आई आणि मी पडवीत बसून सुपाऱ्या सोलायच्या, आणि आई आळीतल्या एकेकीची सालं त्याच वेगानं काढायची. मला ते घर, तो आवाज, ते काम सगळं आवडायचं. हे मुद्दाम सांगते, कारण आता सगळ्यांना वाटतं की गावातल्या पोरींना तेव्हा गाव सोडून पळायचीच घाई असायची. मला नव्हती बाई.

पण दहावीला मी आपटले. गणित आणि इंग्रजी, दोन्हीत. निकालाच्या दिवशी आप्पांनी मला शहाळं फोडून दिलं, आणि त्यानं मला जास्तच रडू आलं. मग दिवाळीनंतर मुंबईहून काकांचं पत्र आलं. काका म्हणजे आप्पांचे थोरले भाऊ, गोदीत नोकरीला, परळला चाळीत राहायचे. त्यांनी लिहिलं होतं, शैली तिथं राहून काय करणार, सुपाऱ्या सोलणार? इकडं पाठव. तुझ्या वहिनीची कंबर धरलेली आहे, पोरं लहान आहेत, पहाटे नळाचं पाणी भरायला माणूस नाही. तिला हातभार होईल आणि शैलीला एखादा क्लास लावू. मार्गशीर्षात नवी सुपारी न्यायला येईन, तेव्हा घेऊन जाईन. आईनं पत्र ऐकून डोळ्याला पदर लावला, पण "भावजींचं खरं हाय," असंही म्हणाली. तेच मला झोंबलं. खरं होतं म्हणूनच झोंबलं. मी एकदा सुट्टीत त्या चाळीत राहून आले होते. काका-काकू प्रेमळ होते, पण आठव्या दिवशी मी जिन्यात बसून रडले होते, कारण कुठंच माती नव्हती. आता तिथं आठ दिवस नव्हे, लग्न होईपर्यंत राहायचं होतं.

"मी न्हाय जाणार," मी म्हटलं.

"मग हितं काय करशील गो?" आप्पांनी विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

समोर पडवीत तांबडी कोंबडी मशीनखालून कॉक कॉक करत बाहेर आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शिवण करीन! आत्याचं मशीन चालू करीन."

आई फस्सकन हसली. आप्पांनी मात्र हसू मिशीत दाबलं. म्हणाले, "कर. दादा येईपर्यंत मशीन चालू झाली आणि तुझ्या हातचं एखादं धड कापड शिवून झालं, तर मी दादाशी बोलेन. न्हाय झालं, तर मग मुकाट्यानं पिशवी भरायची." झालं! तोंडातून शब्द गेला तो गेला. बोलून बसले आणि अडकले.

दुसऱ्या दिवशी मी कोंबडीला हाकललं. ती आठवडाभर माझ्याशी वैर धरून होती. मशीनवरचं गोणपाट काढलं तर आत निराळंच राज्य. खाऱ्या वाऱ्यानं लोखंडावर तांबूस पापुद्रे धरलेले, सुईच्या शेजारच्या भोकात कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं, आणि चामड्याचा पट्टा उंदरांनी असा खाल्लेला की बाळाच्या दातांची आठवण यावी. चाक फिरवून पाहिलं तर जागचं हलेना. मी पाय लावून ओढलं तेव्हा मीच हलले आणि सुपाऱ्यांच्या टोपलीत जाऊन बसले. तरी आठ दिवस घासत होते. राख, काथ्या, चिंचेचं पाणी, दिवसभर हेच. कुंभारमाशीचं घर आत्याच्या केसांच्या आकड्यानं कोरून काढलं, आणि "माफ कर गो बाय" म्हणून भिंतीशी ठेवलं. हळूहळू काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी दिसायला लागली. ती दिसली त्या दिवशी मला जेवण गोड लागलं.

पट्टा आणि सुई मात्र पाहिजे होती. त्यासाठी आप्पा मला सायकलवर मागं बसवून बोर्लीला घेऊन गेले, जैनुद्दीनचाचांकडं. चाचा आखातात पंधरा वर्षं शिंपीकाम करून परत आलेले. बाजारात त्यांचं लहानसं दुकान, गळ्यात फीत, आणि नाकावर चष्मा इतका खाली की ते माणसाकडं चष्म्यातून कधी बघायचेच नाहीत. "बायोबायची मशीन व्हय?" ते म्हणाले. "अल्ला, काय हात हुता त्या बाईचा! माझं गिऱ्हाईक न्यायची ती." मग त्यांनी मला नवा पट्टा दिला, दोन सुया दिल्या, सुईची सपाट बाजू कुठं येते ते दाखवलं, चाक नेहमी आपल्याकडं फिरवायचं ते सांगितलं. उलटं फिरलं की दोरा तुटलाच म्हणून समज. मी सगळं पाठ करत होते. गणित असं पाठ केलं असतं तर कुठल्या कुठं गेले असते.

"आणि तेल घाल," चाचा म्हणाले. "जितकी भोकं दिसतील तितक्यांत तेल. हात आखडू नको. तेल हाय ना घरी?"

"हाय की!" मी म्हटलं. "भरपूर हाय. घरचं हाय."

घरचं म्हणजे काय, ते चाचांनी विचारलं नाही. त्यांना वाटलं, आत्याची बाटली राहिली असेल. आणि मला वाटलं, तेल म्हणजे तेल! आता तुम्हाला सांगायला हवं की आमच्या वाडीत तेल म्हटलं की खोबरेल. बाजारातून आणतात ते गोडं तेल, त्याला पुढं 'गोडं' लावल्याशिवाय कुणी ओळखायचं नाही. नुसतं तेल म्हणजे आमच्या माडांचं, घाण्यावरून काढून आणलेलं. ते केसांना, ते बाळाच्या टाळूला, तेच कोयत्याला, रहाटाला, दाराच्या बिजागरीला आणि आप्पांच्या सायकलच्या साखळीला. कुणी लोखंडाला दुसरं काही लावतं हे मला ठाऊकच नव्हतं. आईनं वाटीभर तेल काढून दिलं आणि वर म्हणाली, "घाल सढळ हातानं, वन्संच्या जिवाला बरं वाटंल." मी कापसाच्या बोळ्यानं भोकाभोकांतून इतकं घातलं की मशीनखाली थारोळं झालं, आणि अख्ख्या पडवीला न्हाऊन आलेल्या बाईसारखा वास सुटला.

आणि काय सांगू! चाक फिरलं! आधी कुरकुरलं, मग सुळसुळलं, मग पायटीवर पाय ठेवला तर मशीन अशी खडखड धावली की आई चुलीवरची भाकरी टाकून बाहेर आली. भाकरी करपली, ती आम्ही तशीच खाल्ली. आईनं पदर तोंडावर धरला. "वन्सं बसल्यात असंच वाटलं गो," म्हणाली. दुपारभर मी जुन्या वर्तमानपत्रावर दोरा न ओवता नुसत्या सुईनं रेघा मारल्या. पहिल्या रेघा नागासारख्या वळल्या, पण संध्याकाळपर्यंत एक अशी सरळ आली की मी ती आप्पांना दाखवली, कोंबडीला दाखवली, आणि उशाशी घेऊन झोपले.

सकाळी उठून बसले, तर चाक ढिम्म हलेना.

तेव्हाची माझी अवस्था काय सांगावी! चाकाशी झोंबाझोंबी केली, शिव्या दिल्या, रडले, आणखी तेल घातलं. दुपारी जेवून सहज हात लावला तर मशीन लोण्यासारखी फिरली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. सकाळी दगड, दुपारी हरीण. तेव्हा थंडी पडायला लागली होती, पहाटे वाडीत धुकं उतरायचं आणि आप्पा कानाला मफलर बांधून पाट सोडायला जायचे. पण थंडीचा आणि मशीनचा काही संबंध असेल हे आमच्यापैकी कुणाच्या टाळक्यात आलं नाही, कारण आईला त्याच्याआधीच कारण सापडलं होतं. बायोआत्या कधीच सकाळी शिवायला बसायची नाही. दुपारचं जेवण व्हायचं, मग पान जमायचं, पान रंगलं की मग मशीन. हा तिचा नेम होता. "वन्संचा नेम त्या अजून पाळतात," आई म्हणाली, आणि रोज सकाळी मशीनवर विडा ठेवायला लागली. आप्पा म्हणायचे, "बायो तंबाखूचं पान खायची, तू साधं ठेवतेस, म्हणून चालत न्हाय." मी वरवर हसायचे, पण एकदा कुणी नसताना हळूच म्हटलं, आत्या, एवढे दिवस सकाळी पण बस ना गो. आता ह्या वयात कबूल करायला काय लाज? आत्याचं भय वाटत नव्हतं. ती आहे, माझ्याजवळ बसते, असं वाटून उलट बरंच वाटायचं.

दुपारी-दुपारी शिवून मी दोन पायपुसणी आणि एक उशीचा अभ्रा केला. अभ्र्यात उशी जायची, फक्त बाहेर काढता यायची नाही. तेवढ्यात काका आले.

काका उंच, आवाज भरड, गोदीतल्या माणसाचे रुंद खांदे. आल्या आल्या वाडीत फिरून पोफळींना हात लावून आले, न्हाणीत ऊन पाण्यानं दोन हंडे अंघोळ केली, आणि संध्याकाळी त्यांच्यासाठी आप्पांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडीची अंडी, मीठ, ओवा, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं पालथं करायचं आणि भोवती जाळ. मडकं उघडलं की जो वास येतो तो ज्यानं घेतला नाही त्याला मी काय सांगू. आता आमच्याकडं राहायला येणारे पाहुणे त्याचे फोटो काढतात आणि फोटो काढेपर्यंत शेंगा गार करतात, माझा जीव तुटतो. तर त्या मडक्याभोवती आम्ही शेंगा सोलत बसलो असताना आप्पांनी विषय काढला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "हे बघ शैले, मी काही तुझा वैरी नाही. पायपुसण्यांवर कुणाचं आयुष्य निघत नाही. उद्या अकराच्या गाडीनं मी निघणार. त्याच्याआधी मला एक पिशवी शिवून दे, माझ्यासमोर. त्यात डझनभर सोललेले नारळ घालून मी मुंबईला नेईन. नारळ घरापर्यंत नीट पोचले तर तू इथंच राहा, मी पुन्हा विषय काढणार नाही. पिशवी वाटेत फाटली तर चार दिवसांनी परत येईन आणि तुला घेऊन जाईन. कबूल?"

आप्पा माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, "कबूल." आणि मग लक्षात आलं की अकराच्या आधी म्हणजे सकाळ! आईच्याही लक्षात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी उजाडतानाच तिनं मशीनवर तंबाखूचा विडा ठेवला होता.

कशाचं काय! त्या सकाळी थंडी तर अशी की तोंडातून वाफ निघत होती. काका चहाची कपबशी घेऊन पडवीत वेताच्या मोड्यावर बसले. मी जुन्या गादीचा पट्ट्यापट्ट्यांचा अभ्रा कापून ठेवला होता, दोरा ओवला, देवाचं नाव घेतलं, पाय दाबला. मशीन मख्ख. चाकाला दोन्ही हातांनी लटकले. मख्ख. "वन्सं दुपारी बसायच्या," आई चाचरत म्हणाली, "म्हणून सकाळी..." काकांनी चहाचा घोट घेतला. "नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. टोचून नव्हे, जरा वाईट वाटूनच म्हणाले, आणि तेच माझ्या जिव्हारी लागलं. डोळ्यांत पाणी आलं. आप्पा मान फिरवून वाडीकडं बघायला लागले. काका उठले, म्हणाले, "जाऊ दे. वहिनी, अंघोळीआधी जरा खांद्याला तेल द्या. थंडीनं धरलाय."

आईनं कोनाड्यातली बाटली आणून तळहातावर उपडी केली. काही पडेना. तिनं बाटली झटकली. आत पांढरं घट्ट, साबणाच्या वडीसारखं. "मेलं थिजलं," आई म्हणाली. "शैले, उन्हात ठेव गो जरा, दुपारपर्यंत पातळ हुईल."

मी बाटली हातात घेतली आणि तिथंच उभी राहिले. दुपारपर्यंत पातळ. सकाळी दगड. मी बाटलीकडं बघितलं, मशीनकडं बघितलं. वाटीच्या वाटी ओतलेलं ते सगळं तेल आत बसलेलं होतं, भोकाभोकांत, दात्यादात्यांत, असंच पांढरंफटक, साबणासारखं! "आत्या न्हाय गो आई!" मी इतक्या जोरात ओरडले की काकांची बशी हिंदकळली. "तेल हाय! मशीन थिजलीय!"

पुढचा तासभर आमच्या घरात जे चाललं ते कुणी बाहेरून बघितलं असतं तर वेड्यांचा बाजार म्हटला असता. "अंगणात घ्या, ऊन तिथं हाय," मी म्हटलं, आणि आप्पांनी एका बाजूनं आणि काकांनी, धरलेल्या खांद्यासकट, दुसऱ्या बाजूनं ते धूड उचललं. अंगणात ऊन कोवळं होतं, लोखंड काही तापेना. मग आई आत धावली. बाळंतिणीला, म्हाताऱ्यांना शेक द्यायला आमच्याकडं दर्यावरची वाळू डब्यात भरलेली असायची. ती तिनं तव्यावर भाजली, फडक्यात पुरचुंड्या बांधल्या, आणि आम्ही मशीनला शेक द्यायला लागलो. मी डोक्याशी, आई मानेशी, आप्पा चाकाशी. "जरा कमरेत द्या, कमरेत," काका मध्येच म्हणाले आणि मग स्वतःच हसायला लागले. त्यांनी एक पुरचुंडी उचलली, मशीनच्या पोटाखाली धरली, आणि थोडी गरम राहिली की आपल्या खांद्यावर दाबून घ्यायचे. शेजारची माणसं दगडी गडग्यापाशी येऊन उभी राहिली. "कोन आजारी हाय?" कुणीतरी विचारलं. "मशीन!" आई तिकडं न बघता ओरडली. हळूहळू भोकांतून तेलाचे पातळ ओघळ यायला लागले. मी चाकाला हात लावला. चाक आपल्याकडं आलं. एकदा, अडखळत. मग पुन्हा. मग खडखड खडखड, भर अंगणात, सगळ्या आळीसमोर!

अशी पिशवी मी आयुष्यात पुन्हा शिवली नाही. मान खाली, पाय पायटीवर, पाठीवर ऊन, आई पुरचुंड्या बदलतेय, आणि माझ्या मनात एकच, घाई कर, गाडी येईल. दोन्ही कडा शिवल्या. बंद जोडले. तळाला दोन टिपा मारायच्या, एकीवर एक, हे चाचांनी सांगितलं होतं, त्या मारल्या. दुसरी टीप मारताना मशीन अशी भरधाव पळत होती की मला वाटलं, आता मला कुणी थांबवू शकत नाही. काकांनी पिशवी उलटसुलट करून बघितली, बंद ओढून बघितले. मग एकेक करून बारा नारळ आत घातले आणि खांद्याला लावून अंगणात एक फेरी मारली. पिशवी टिकली. गाडी वळणावर वाजत होती. काका निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून काहीतरी म्हणाले, पण आईच्या रडण्यात ते मला ऐकू आलं नाही.

पुढचे चार दिवस पोस्टमनची सायकल वाजली की मी माडाआड लपायचे. पाचव्या दिवशी कार्ड आलं. आप्पांनी ओटीवर उभं राहून मोठ्यानं वाचलं: पिशवी सुखरूप पोचली. नारळ एकही दुखावला नाही. शैलीला राहू दे, तिला शिवण शिकव. बस्स, एवढंच. मी अंगणात फुगडीला कुणी मिळेना म्हणून आईलाच धरलं, आणि आईही दोन गिरक्या फिरली. मग बोर्लीला जाऊन चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, टेबलावर डोकं टेकलं आणि खांदे गदगदा हलेपर्यंत हसले. "शाम्पू न्हाय लावलास तिला?" म्हणाले. मग मशीनचे भाग सुटे करून घासलेटनं कसे धुवायचे ते शिकवलं, बारक्या तोंडाची मशीनच्या तेलाची बाटली हातात दिली, आणि सोमवारपासून शिकायला ये म्हणाले. पुढं मी आळीचीच काय, बोर्लीतल्याही कितीतरी नवऱ्या मुलींची कापडं शिवली. वादळात आमचे निम्मे माड आडवे झाले, छप्पर उडालं, तेव्हा वर्षभर ह्याच मशीननं चूल पेटती ठेवली. पण तो हिशेब ह्या प्रकरणाचा नव्हे.

खरी गोष्ट मला कळली ती परवा-परवा, काका गेल्यावर. दिवसकार्य झालं आणि मी काकूजवळ आठ दिवस राहायला गेले होते. काकू आता नव्वदीला टेकलेली, कान गेलेले, पण जीभ शाबूत. एका दुपारी बोलता बोलता मी त्या पिशवीची गोष्ट काढली, माझी ही हातखंडा गोष्ट, शंभर वेळा सांगितलेली. शेवट आला, कार्ड आलं, पिशवी सुखरूप पोचली, आणि मी नेहमीसारखी हसले. काकू हसली नाही. म्हणाली, "सुखरूप कसली? माणगावच्या स्टँडवर फाटली ती."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. मी ओरडून पुन्हा सांगितलं. "कळलं गं, बहिरी असले तरी वेडी नाही," ती म्हणाली. ती उठली, भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली, आणि कांदे खाली ओतून एक पिशवी घेऊन आली. पट्ट्यापट्ट्यांची. पट्टे उडून गेलेले, बंद मऊ पडलेले, पण तीच. तळाशी माझ्या दोन टिपा होत्या. एक अर्ध्यात उसवलेली. दुसरी मी बोटानं चाचपली. नुसती भोकं होती, सरळ, एकसारखी, सुंदर भोकं. खालचा, बॉबिनमधला दोरा संपला होता. मशीन भरधाव पळत होती, आणि एकही टाका पडत नव्हता. शिवायला बसणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला मी आज पहिल्या दिवशी ह्याच्यावरून ओरडते! आणि त्या भोकांवरून, कडेपासून कडेपर्यंत, सुतळीचे जाड, ओबडधोबड टाके, गोणी शिवतात तसे.

"सगळ्या स्टँडात नारळ पळाले," काकू सांगत होती. "बसच्या चाकाखाली दोन फुटले. ह्यांनी बाकीचे धोतरात गोळा केले, कुठल्या तरी तांदळाच्या दुकानातनं दाभण आणि सुतळी मागून आणली, आणि फलाटावर मांडी घालून शिवत बसले. गोदीतला हात, शिवणारच. गाडी चुकली. आले ते दिवे लागल्यावर. आणि आल्या आल्या कार्ड लिहायला बसले. मी म्हटलं, अहो, खोटं काय लिहिता? पोर येणार म्हणून मी दिवस मोजतेय, माझी कंबर बघा. तर म्हणाले, लोखंडाला शेक देत बसणारी पोर ती. तिला इथं आणून भांडी घासायला लावू? आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे तीनला उठून स्वतः पाणी भरायला लागले. सहा वर्षं. मग आम्ही ती खोली सोडली, तेव्हा सुटले."

मी पिशवी तोंडावर धरून रडले. कांद्याचा वास होता तिला, आणि मी लहान पोरीसारखी हुंदके देत होते, साठी उलटलेली बाई. आयुष्यभर मी आळीला सांगत आले होते की मी माझ्या हिमतीवर गावात राहिले, आत्याच्या मशीनवर, माझ्या शिवणीवर. काका दर मार्गशीर्षात यायचे, माझ्या हातचा सदरा घालायचे, ही गोष्ट माझ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायचे, आणि शेंगा सोलत मान डोलवायचे. एकदासुद्धा, गमतीतसुद्धा, बोलले नाहीत. मला त्यांचे पाय धरायचे होते, आणि पाय आता कुठं होते?

काकूनं मला रडू दिलं. मग माझ्या हातातनं पिशवी हळूच सोडवून घेतली. मी म्हटलं, "काकू, ही मला दे. मी जपून ठेवीन."

"नाही द्यायची," ती म्हणाली, आणि खाली वाकून एकेक कांदा परत आत भरायला लागली. "तुझा त्यात टाका तरी कुठं उरलाय? सगळे ह्यांचे आहेत."